केबल काढली, पण देणे फिटले का?

मागच्या रविवारी सत्संग आटोपल्यावर प्रसाद घेता घेता गप्पा सुरू झाल्या. एक ज्येष्ठ साधक आनंदाने म्हणाले, "आम्ही केबल काढून टाकली. आता सगळ्या मालिका मोबाइलवर बघतो, तेही एक पैसा न देता. भाचा रोज लिंक पाठवतो." दोघा-तिघांनी लगेच ती लिंक मागून घेतली. अर्ध्या तासापूर्वीच आपण पाच यमांचे चिंतन केले होते. त्यातला तिसरा यम आहे अस्तेय, म्हणजे चोरी न करणे.

मी गप्प राहिलो. बोलण्याचा मला अधिकार नव्हता.

दोन वर्षे मीही असेच पाहत होतो. पुण्याच्या पुतण्याने त्याच्या खात्याचा पासवर्ड आम्हाला दिला होता. तो मी शेजाऱ्यांना दिला, शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलीला. एकदा त्याच्या घरी बारशाला गेलो असताना सूनबाई सहज म्हणाली, "रात्री बाळाला घेऊन जागी असते तेव्हा काहीतरी लावावे म्हणते, तर जास्त ठिकाणी सुरू आहे असा संदेश येतो." पैसे ती दोघे भरत होती आणि पाहत होतो आम्ही. माझ्यामुळे हे होत आहे असा तिला संशयही नव्हता. त्या दिवशी पंगतीत बसलो, पण घास गोड लागला नाही.

चोरी म्हणजे नेमके काय?

कोणी म्हणेल, भांडे उचलून नेले तर मालकाकडे भांडे उरत नाही. मालिका कितीही जणांनी पाहिली तरी ती तिथेच राहते. मग चोरी कसली? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला बारावा श्लोक चोराची ओळख वेगळ्या प्रकारे सांगतो. ज्यांच्याकडून भोग मिळाले त्यांना काही न देता जो ते एकटाच भोगतो, तो चोर, असे भगवंत म्हणतात. तिथे कोणाचे काही कमी झाले का, हा प्रश्नच नाही. घेतले, पण परत काही दिले का, एवढाच प्रश्न आहे.

मालिकेचा अर्धा तास आपल्यापर्यंत येतो तो लेखक, नट, संकलक, दिवे उचलणारे, कपडे सांभाळणारे, सेटवर चहा देणारे अशा कितीतरी हातांतून. यातले अनेक जण रोजंदारीवर असतात. "कंपनी मोठी आहे, तिला काय फरक पडतो?" असे आपण म्हणतो तेव्हा हे हात आपल्याला दिसत नाहीत.

परवानगीशिवाय प्रती काढून पसरवणे हा 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार गुन्हा आहे. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींविरुद्धच्या तरतुदी 2023 मध्ये आणखी कडक झाल्या. पण घरात बसून पाहणाऱ्याच्या दारात पोलीस सहसा येत नाही. म्हणून तर हा प्रश्न साधनेचा आहे. पकडले जाण्याची भीती नसताना माणूस कसा वागतो, तिथेच त्याचे अस्तेय कळते.

फुकट आणि चोरीचे यांत फरक आहे

याचा अर्थ प्रत्येकाने महागडी वर्गणी भरलीच पाहिजे असा नाही. दूरदर्शनची फ्री डिश सेवा 2004 पासून आहे. डिश आणि बॉक्स एकदा घेतला की मासिक भाडे नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये 'वेव्हज' हे ॲप आणले. अनेक वाहिन्या स्वतःच आपले कार्यक्रम जाहिरातींसह यूट्यूबवर ठेवतात. इथे देणाऱ्याने राजीखुशीने दिलेले असते. ते घेण्यात दोष नाही.

मात्र अशा ठिकाणीही आपण काहीतरी देतच असतो. जाहिरातदार पैसे मोजतो तो आपल्या लक्षासाठी. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि दहाला झोपणारे घर साडेबाराला झोपते. सकाळचे ध्यान चुकते. पूर्वी मालिका संपली की आठवडाभर थांबावे लागे. 1987 मध्ये 'रामायण' सुरू झाले तेव्हा लोक पुढच्या रविवारची वाट पाहत. तेव्हा थांबायला वेळापत्रक भाग पाडत असे. आता आपला विवेकच थांबवू शकतो. दुसऱ्याचे घेऊ नये हे अस्तेय. पण भगवंताने दिलेला वेळ नकळत लुटू द्यावा, हेही साधकाला शोभत नाही.

आणि जे परवडत नाही, ते न पाहणे हाही एक मार्ग आहे. त्याने आयुष्य उणे होत नाही. अपरिग्रहाचा अभ्यास अशाच लहान गोष्टींतून होतो.

आपल्यासाठी तीन प्रश्न

काहीही लावण्यापूर्वी मनाला विचारावे : हे देणाऱ्याने खुशीने दिले आहे का? याचा मोबदला कोण भरतो आहे, आणि त्याला ते माहीत आहे का? हे मी सत्संगात सर्वांसमोर मोकळेपणाने सांगू शकेन का? तिसऱ्या प्रश्नाला मन अडखळले तर उत्तर मिळाले असे समजावे.

बारशाहून परतल्यावर मी पुतण्याला फोन केला, सगळे सांगितले आणि पासवर्ड बदलायला लावला. तो हसून म्हणाला, "काका, एवढे काय त्यात!" शेजारी मात्र थोडे नाराज झाले. त्यांना मी फ्री डिशबद्दल सांगितले. आम्ही दोघे आता एकच मालिका पाहतो, वाहिनीने स्वतः ठेवलेली, जाहिरातींसकट. ती संपली की टीव्ही बंद.

येत्या रविवारी त्या ज्येष्ठ साधकांशी बोलायचे ठरवले आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करीन.