केलं की झालं?

लहान मुलाच्या हातून कप पडला की ते सांगतं, "कप फुटला." मोठं माणूस विचारतं, "फुटला की फोडलास?" नीतिशास्त्राचा पहिला धडा बहुतेक मराठी घरांत असाच, क्रियापदावरून सुरू होतो. फुटणं आणि फोडणं, पडणं आणि पाडणं, होणं आणि करणं, अशा जोड्या आपल्या भाषेत भरपूर आहेत. मधे 'माझ्याकडून फुटला' अशी एक पळवाटही आहे. तिच्यात मी हजर असतो, पण पुरता नाही.

गेली काही वर्षं मी एक गोष्ट ऐकतो आहे. फोनबद्दल बोलताना लोक 'झालं' बाजूची क्रियापदं वापरतात. "दोन तास कसे गेले कळलंच नाही." "चुकून फॉरवर्ड झालं." "सेल होता, ऑर्डर झालं." बारावीतला माझा मामेभाऊ रात्री दोनपर्यंत रील्स बघत होता. मामीनं जाब विचारल्यावर तो म्हणाला, "बघत नव्हतो गं, चालू होतं." मामीला ते खोटं वाटलं. मला ते बऱ्यापैकी अचूक वर्णन वाटलं, कारण त्या 'चालू होतं'च्या मागे काय असतं, हे मला माझ्या धंद्यामुळे माहीत आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात 'फ्रिक्शन' हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. फ्रिक्शन म्हणजे माणूस आणि त्याची कृती यांच्यामधे येणारी प्रत्येक गोष्ट: एक जास्तीचं बटण, एक प्रश्न, एक सेकंदाची वाट. प्रत्येक पायरीवर किती टक्के लोक गळतात याचे तक्ते आमच्यासमोर असतात आणि गळती कमी करणं हे आमचं काम असतं. अ‍ॅमेझॉनला १९९९मध्ये एका क्लिकवर खरेदी करण्याच्या पद्धतीचं अमेरिकेत पेटंट मिळालं. खरेदीतल्या काही पायऱ्या काढून टाकणं एवढाच तो शोध होता. २००६मध्ये एझा रॅस्किन या डिझायनरनं न संपणारं पान तयार केलं. तोवर पानाच्या तळाशी आकडे असत आणि 'पुढचं पान' असं लिहिलेलं असे. ते दाबावं लागे. तो एक छोटासा प्रश्न होता: अजून हवं आहे का? रॅस्किननं तो प्रश्न काढून टाकला. पुढे त्यानं त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला, पण तोवर जगातल्या जवळजवळ प्रत्येक अ‍ॅपला तळ उरला नव्हता.

अकरावीच्या भौतिकशास्त्रात घर्षणाचा धडा असतो. घर्षणानं यंत्र झिजतं, ऊर्जा वाया जाते, म्हणून वंगण घालायचं. पण त्याच धड्यात हेही असतं की घर्षण नसेल तर माणसाला चालता येणार नाही. जमीन पायाला विरोध करते म्हणून आपण पाऊल पुढे टाकू शकतो. गुळगुळीत बर्फावर माणूस चालत नाही, घसरतो. चालणं आणि घसरणं यांत वेग सारखा असू शकतो, दिशाही. फरक एवढाच, की चालताना मधेच थांबता येतं.

हे नुसतं रूपक वाटत असेल तर २०१८चा उन्हाळा आठवावा. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या वर्षी देशभर व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. त्यांतला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. मुलाला परत आणून सोडतात तो शेवट कुणीतरी कापला होता. १ जुलै २०१८ला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडे बाजाराच्या दिवशी जमावानं पाच माणसांना मारहाण करून ठार केलं. ती भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती. सोलापूर जिल्ह्यातून पोट भरायला आली होती.

त्यांना फोननं मारलं नाही, माणसांनी मारलं. हे वाक्य कुठल्याही चर्चेत पुसट होता कामा नये. ज्यांनी हात उचलला त्यांच्या बाबतीत 'झालं' म्हणायची सोय नाही. पण त्या आधीच्या आठवड्यांत ज्या असंख्य लोकांनी 'सावध राहा' म्हणून तो मजकूर पुढे ढकलला, त्यांनी तो पाठवला की त्यांच्याकडून तो गेला?

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मर्यादा आणली: कुठलाही संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही काढलं. जानेवारी २०१९मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२०मध्ये, करोनाच्या अफवांच्या काळात, पुष्कळ हातांमधून गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. अशा संदेशांचं फिरणं त्यानंतर ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीनं सांगितलं.

यात तांत्रिक गंमत अशी, की कंपनीला संदेश वाचता येत नाहीत. २०१६पासून ते टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात. म्हणजे कुणी खरं-खोटं तपासलं नाही, कुणाला उपदेश केला नाही. फक्त हा संदेश किती हातांतून आला आहे, याची मोजणी संदेशासोबत जात राहिली आणि वाटेत एक अडथळा ठेवला गेला. घटीतला काही भाग अर्थातच निव्वळ गणिताचा आहे. पाचाऐवजी एकाला पाठवलं तर प्रती कमी होणारच. पण बंदी नव्हती. एकेकाला करत शंभर जणांना पाठवणं तेव्हाही शक्य होतं. तेवढी चिकाटी पुष्कळांनी दाखवली नाही. मला यातून असं दिसतं, की त्यांतल्या बऱ्याच फॉरवर्ड्समागे निर्णय असा नव्हताच. कष्ट शून्य होते म्हणून ते घडत होते.

हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७१च्या एका निबंधात इच्छांचे दोन मजले सांगितले. पहिल्या मजल्यावर साधी इच्छा: मला आणखी एक व्हिडिओ बघायचा आहे. दुसऱ्या मजल्यावर इच्छेबद्दलची इच्छा: मला ही इच्छा व्हायला नको होती, मला झोपायची इच्छा व्हावी. फ्रँकफर्टच्या मते माणूसपण दुसऱ्या मजल्यावर आहे. आता आमच्या यंत्रणेचं बघा. तिला बोट दिसतं. बोट कुठे थांबलं, किती सेकंद थांबलं, कशावरून झटकन पुढे गेलं, हे सगळं ती नोंदवते आणि त्यावरून शिकते. म्हणजे पहिला मजला तिला तुमच्या आईपेक्षा चांगला कळतो. दुसरा मजला तिला दिसत नाही, कारण तिथल्या इच्छा बोटातून व्यक्त होत नाहीत. त्यांना वेळ लागतो. 'मला खरंच हे हवंय का?' हा प्रश्न मनात येण्याआधी पुढचा व्हिडिओ सुरू झालेला असतो. मामेभावाचं 'चालू होतं' म्हणजे हेच. पहिल्या मजल्यावर तो होता. दुसऱ्या मजल्यावरून खाली यायला त्याला जिनाच ठेवलेला नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे जुन्या दिवसांचं उमाळे काढणं आहे. अडथळे फार गोड नव्हते. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे चार खेपा घालणं हाही अडथळाच होता, आणि तो गरिबाला जास्त आणि ओळखीवाल्याला कमी लागत असे. आज सातबारा ऑनलाइन दिसतो ही चांगलीच गोष्ट आहे. ज्या मुलीच्या घरी तिची पत्रं फोडली जात, तिला कुलूपबंद फोन म्हणजे स्वातंत्र्य आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून 'अडथळा चांगला की वाईट' हा प्रश्नच अर्धवट आहे. दोन गोष्टी विचारायला हव्यात. एक: हा अडथळा आला नसता तर बरं झालं असतं, असं तो माणूस शांतपणे विचार केल्यावर म्हणेल, की आला ते बरं झालं असं म्हणेल? दोन: अडथळा ठेवण्यात किंवा काढण्यात फायदा कुणाचा?

कार्डानं ऑनलाइन पैसे देताना दुसरी खातरजमा हवीच, असा नियम रिझर्व्ह बँकेनं २००९मध्ये आणला. आपल्याला ओटीपीची सवय झाली ती त्यातून. कंटाळा येतो, पण चोरीच्या कार्डाची गोष्ट ऐकलेला कुणी तो नियम काढा म्हणणार नाही. हा अडथळा माझ्या बाजूचा आहे. उलट, एका टिचकीत सुरू होणारी वर्गणी बंद करायला सात पडदे पार करावे लागतात, तोही अडथळाच. पण तो माझ्या विरुद्ध बाजूचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३मध्ये अशा १३ फसव्या रचनांची यादी जाहीर केली, तिच्यात हा वर्गणीचा सापळा आहे. 'आम्ही लोकांना फक्त सोय देतो' हा आमच्या व्यवसायाचा दावा त्यामुळे टिकत नाही. आत येण्याची सोय आणि बाहेर जाण्याची गैरसोय एकाच कार्यालयात, कधीकधी एकाच टेबलावर तयार होते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. माणसाला स्वतःला आवरता येत नसेल तर तो त्याचा दोष, यंत्राचा कसा? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन जवळपास हाच प्रश्न विचारतो: मनात नसताना माणूस चुकीचं का करतो, जणू कुणी ढकलतं आहे? कृष्णाचं उत्तर माणसाच्या आतलं आहे, काम आणि क्रोध. ते खोटं नाही. पण अर्जुनाच्या काळी ढकलणारा आतच होता. आज बाहेरही एक आहे. तो पगारी आहे, आणि आत कुठे धक्का दिला की चालतो याचे प्रयोग रोज लाखो लोकांवर करतो. जबाबदारी घ्यायला एक क्षण लागतो. तो क्षणच काढून घेतला आणि वर 'तू जबाबदारी घेतली नाहीस' म्हटलं, तर तो न्याय होत नाही. तळ असलेलं पान कधी पाहिलंच नाही अशा सतरा वर्षांच्या मुलाला तर नाहीच.

मग बंदी हे उत्तर आहे का? २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली. कारण वेगळं होतं, सीमेवरचा तणाव. जुलैमध्येच इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केले. नाव गेलं, न संपणारी रचना राहिली. मामेभावानं स्वतः शोधलेला उपाय मला जास्त विचारी वाटतो. तो हल्ली रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतो. "आणता येतो की," तो म्हणाला, "पण उठून जाताना मधे हॉलमधे आठवतं, कशाला चाललोय." दहा पावलांचा अडथळा. त्यानं स्वतःच्या हातानं जिना बांधला. पण प्रत्येक घरात वेगळं स्वयंपाकघर नसतं, आणि मुलांनी जे दहा पावलं चालून मिळवायचं ते आम्ही चार ओळी लिहून देऊ शकतो, हेही खरं.

मग का देत नाही? मी काही काळ परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठीच्या एका अ‍ॅपवर काम करत होतो. धड्याचा व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू व्हावा का, असा मुद्दा होता. माझं म्हणणं होतं, थांबावं. मुलानं वहीत दोन ओळी लिहाव्यात, कळलं का ते बघावं, मग पुढे जावं. दोन्ही प्रकार काही हजार मुलांवर लावून पाहिले. आपोआप सुरू होणाऱ्या प्रकारात बघण्याची मिनिटं वाढली. कळलं किती, हे मोजलेलं नव्हतं. शेवटी आपोआप सुरू होणारा प्रकारच सगळीकडे गेला. बंद करायची सोय सेटिंगमध्ये तीन पडदे आत आहे. हे कुणी ठरवलं, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, "डेटावरून ठरलं."

ठरलं. कप फुटावा तसं. त्या खोलीत आम्ही सात जण होतो, सगळे भले, आणि एकाही वाक्याला कर्ता नव्हता. वापरणाऱ्याकडून 'होतं', बनवणाऱ्यांकडून 'ठरतं', आणि मधे मुलाची रात्र जाते. तंत्रज्ञानाच्या नीतीवर मोठमोठी परिपत्रकं निघतात, त्यांना माझा विरोध नाही. पण माझ्यासारख्याच्या हातात त्याहून छोटं आणि जास्त अडचणीचं काम आहे. बैठकीच्या टिपणात 'ठरलं' असं दिसलं की तिथे नाव लिहायला लावायचं. अमुक यांनी ठरवलं, या कारणासाठी ठरवलं. मी हल्ली ते करतो. बैठक त्यामुळे दहा मिनिटं लांबते आणि लोक वैतागतात. नाव लिहायची वेळ आली की काही निर्णय बदलतात, काही बदलत नाहीत. जे बदलत नाहीत त्यांच्याखाली निदान एक माणूस उभा असतो, आणि उद्या कुणी जाब विचारायला आलंच तर कुणाला विचारायचा ते त्याला कळेल.