आळ्यातील हरळी

आमच्या देवालयाच्या आवारात बकुळीचे एक कोवळे झाड आहे. त्याच्या आळ्यात अबोली व तगर लावलेली आहे. पावसाळा आला की या आळ्यात हरळी शिरते. ती उपटावयास बसलो म्हणजे दरवर्षी एकच प्रश्न मनात उभा राहतो. श्रीगणेशाच्या मस्तकी ज्या एकवीस दूर्वा आपण वाहतो, त्या या हरळीच्याच. गाभाऱ्यात जी पवित्र, तीच आळ्यात उपद्रवी कशी? आणि एकाला जगविण्यासाठी दुसऱ्याला उपटण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

हरळीच्या ठायी दोष नाही. तिचे धुमारे जमिनीवरून आणि जमिनीखालूनही धावतात. पेऱ्याचा एखादा तुकडा उरला तरी तो पुन्हा रुजतो. हा तिचा स्वभाव आहे, अपराध नव्हे. परंतु कोवळ्या झाडाच्या वाट्याचे पाणी व कस ती शोषून घेते. झाड आपण लावले, म्हणून त्याच्या वाढीचे उत्तरदायित्व आपणांवर आले. आपला अधिकार काय तो या उत्तरदायित्वापुरताच. तो आळ्याच्या कडेपाशी संपतो.

आपल्या शास्त्रकारांनी चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाची पाच हिंसास्थाने सांगितली आहेत. त्यांना ‘पंचसूना’ म्हणतात. चूल विझवा असे त्यांनी सांगितले नाही; घडणारी हिंसा ओळखा आणि पंचमहायज्ञांनी तिचे परिमार्जन करा, असे सांगितले. आमच्या मते खुरपेही याच पंक्तीत बसते.

तथापि खरी कसोटी याहून पुढे आहे. एके वर्षी हरळीचा समूळ नाश करण्याच्या आवेशात आम्ही कुदळीने आळे खोल खणले. अन्नपाणी घेणारी झाडाची बारीक मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या थरातच असतात, याचे भान आम्हांस राहिले नाही. काही दिवसांत हरळी परतली. बकुळीची एक फांदी मात्र वाळली. मग बुंध्यापर्यंत फरशी बसवावी अशी सूचना आली. फरशीने गवत थांबेल, पण मुळांचे पाणी आणि हवाही थांबेल. दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवतीचे काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१३ साली द्यावा लागला, तो याचकरिता.

आता आम्ही पावसाने भिजलेल्या मातीतून हरळी हातानेच, धुमाऱ्यासकट काढतो. आळ्यावर दोन-तीन इंच पाचोळा पसरतो. तो बुंध्यापासून वीतभर दूर ठेवतो. कडेने उथळ चर राखतो. आणि कुंपणालगत एक उन्हाचा तुकडा हरळीसाठीच सोडला आहे. चतुर्थीच्या दूर्वा तेथूनच येतात.

हे काम एकदा करून संपत नाही, दर आठवड्यास करावे लागते. मनातील वा समाजातील दोष काढतानाही हाच नियम लागू पडावा असे आम्हांस वाटते. उपटण्याचा हात कितीही उत्साही असो, त्याचे लक्ष तणावर नव्हे, झाडाच्या मुळांवर असले पाहिजे.