वाट सांगणाराचा धर्म

डोंगरावर जाणारा मनुष्य डोंगरावरून येणारास जे दोन प्रश्न विचारतो ते फार जुने आहेत: वाट कशी आहे, आणि पाणी आहे काय? प्रश्न साधे दिसतात, आणि त्यांचे उत्तरही आपण चालता चालता सहज देऊन टाकतो. परंतु दिलेल्या शब्दाची सचोटी ज्या थोड्या प्रसंगी लगोलग कसास लागते, त्यांपैकी हा एक होय. असे उत्तर देणाराचे कर्तव्य किती, आणि ते कोठे संपते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

वसंत ऋतूत हा प्रश्न विशेष बिकट होतो. कवींनी वसंतास ऋतुराज म्हटले. सह्याद्रीच्या वाटसरूने मात्र या राजाच्या मर्जीवर फार विसंबू नये. भीमाशंकरचेच उदाहरण घेऊ. कर्जत तालुक्यातील खांडस गावाहून वर जाण्यास दोन वाटा आहेत. गणेश घाटाची वाट लांबची पण सोपी. शिडी घाटाची जवळची पण उभी, कड्यात लोखंडी शिड्यांचा आधार घेत चढणारी. दोन्ही पदरावर एकत्र येतात आणि पुढे दाट रानातून माथ्यास जातात. हे रान १९८५ साली अभयारण्य झाले, ते मुख्यत्वे शेकरूच्या रक्षणासाठी. वसंतात येथे तांबूस पालवी फुटते, अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या फुलांनी भरून जातात. आणि नेमकी याच वेळी वाट दगा देण्यास सज्ज झालेली असते. पावसाळ्यातील संकट गर्जना करीत येते, वसंतातील मुक्याने येते. पाचोळा वाट झाकून टाकतो, त्याखालचा मुरूम पायाखालून सरकतो, उतारावरचे वाळके गवत शेवाळाइतकेच निसरडे होते. घाटाची ही बाजू पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी कडा सावलीत असतो, आणि दुपारी तोच कातळ तव्यासारखा तापतो. कोकणची हवा दमट; घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंगाची काहिलीही शमत नाही. तिसऱ्या प्रहरी एखादे दिवशी वळीव कोसळला, तर उघड्या माथ्यावर विजेचे भय असते ते निराळेच.

आणि पाणी? सह्याद्रीचा काळा पाषाण थरांथरांचा आहे. पावसाळ्यात भेगांतून मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि दोन थरांच्या सांध्यातून झिरपत राहते. पुढील पावसापर्यंत या साठ्यात भर पडत नाही. तेव्हा माघात वाहणारा झिरा चैत्रात वाहीलच असे नाही. तात्पर्य, वसंतातील वाटेविषयीचे सत्य दुधासारखे नासणारे आहे. ते केव्हाचे, हे विचारल्यावाचून घेऊ नये आणि सांगितल्यावाचून देऊ नये.

हे शहाणपण आम्हांस आधीपासून होते असे नाही. काही वर्षांपूर्वी महाशिवरात्रीच्या यात्रेकरूंबरोबर आम्ही खांडसहून वर गेलो होतो आणि पदराजवळच्या एका झिऱ्यावर पोटभर पाणी प्यालो होतो. चैत्राच्या अखेरीस आमच्या वर्गातील दोन विद्यार्थी विचारावयास आले, "सर, वाटेत पाणी मिळेल ना?" आम्ही म्हणालो, "मिळेल. आम्ही स्वतः प्यालो आहोत." यात असत्य एक अक्षरही नव्हते. त्या मुलांनी ओझे नको म्हणून एकेकच बाटली घेतली. गावाबाहेर एका वृद्ध ठाकराने त्यांस हटकले, "वरचा झिरा शिमग्यालाच आटला, दादा." मुलांनी ते ऐकले आणि तशीच पुढे गेली, कारण सरांनी सांगितले होते. भर दुपारी पदरावर त्यांतील एक जण बेशुद्ध पडला. मोळी घेऊन उतरणाऱ्या एका बाईने आपल्याजवळचे पाणी त्याच्या तोंडावर मारले, थोडे पाजले, सावलीत निजविले, म्हणून तो वाचला. पुढे त्याच्या वडिलांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. ते मौन अद्याप आमच्या कानांत आहे.

क्लिफर्ड या इंग्रज तत्त्वज्ञाने १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. आपले जुने जहाज सुखरूप पोहोचेल, अशी तो आपल्या मनाची समजूत घालतो, ती प्रामाणिकपणे खरी मानतो, आणि उतारूंसह ते समुद्रात लोटतो. क्लिफर्डचे म्हणणे असे की, जहाज बुडाले म्हणून तो दोषी नव्हे. ते तरले असते तरीही तो तितकाच दोषी ठरता, कारण तसा विश्वास बाळगण्याचा अधिकारच त्यास नव्हता. हा निबंध आम्ही अनेक वर्षे शिकविला. स्वतःस लावून पाहिला नाही. जहाजमालकास पैशाचा लोभ होता. आम्हांस कसला होता? "ठाऊक नाही" असे म्हणावयाची लाज वाटली, इतकेच. परंतु विचारले जाण्याचा मान हाही एक लोभच आहे, आणि शिक्षकाच्या धंद्यात तो फार लवकर जडतो.

याहून मोठा धडा आमच्या घरच्याच शास्त्रात होता. न्यायदर्शनाने आप्ताच्या शब्दास प्रमाण मानले. आप्त कोण? वात्स्यायन म्हणतो, ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे, अशी पुस्तीही तो जोडतो. त्या दिवशी त्या वाटेवरचा आप्त तो वृद्ध ठाकर होता. आमच्या पदवीने त्याचे वचन खोडून काढले. आमच्या हातून खरा अपराध घडला तो हा: आम्ही स्वतः चुकलो एवढेच नव्हे, तर ज्यास ठाऊक होते त्याचे म्हणणे ऐकावयासही मुलांस जागा ठेविली नाही.

कोणी म्हणेल, इतका भार घातलात तर वाट सांगावयास कोणी धजणार नाही. शिवाय चालणाराने आपली काळजी आपण वाहावी. आक्षेपाचा उत्तरार्ध आम्हांस मान्य आहे, पण सांगणाराची जबाबदारी त्याने मिटत नाही. पूर्वार्धाविषयी एवढेच की, मौन हा उपाय नव्हे. वाटेचे ज्ञान असून न सांगणे हाही अधर्मच. मागितला जातो तो काही त्रिकालज्ञपणा नव्हे. शब्दाला मर्यादा घालावी, एवढेच. हवामानखाते पावसाचा अंदाज वर्तविताना मुदत सांगते आणि संभव सांगते. तो अंदाज जिल्ह्याचा असतो, एखाद्या सोंडेचा नव्हे, हे मात्र ऐकणाराने ओळखावे लागते. हल्ली तर भ्रमणध्वनीवर वाटांची वर्णने घरबसल्या हाती येतात; त्यांतील कोणते पाहून लिहिले, केव्हा पाहून लिहिले आणि कोणते नुसतेच पुढे ढकलले, हे पुष्कळदा कळत नाही. सत्य बोलणे म्हणजे खरे वाक्य उच्चारणे एवढेच नव्हे. ते वाक्य कोठवर खरे आहे हेही सांगणे होय.

गेल्या चैत्रात पुन्हा एका विद्यार्थ्याने आम्हांस भीमाशंकरची वाट विचारली. आम्ही म्हणालो, "महाशिवरात्रीस पाणी होते, आज आहे की नाही ते आम्हांस ठाऊक नाही. लागेल तेवढे सगळे पाणी खालूनच न्या, ऊन चढण्यापूर्वी कडा ओलांडा, आणि खांडसला जो मोळीवाला भेटेल त्यास विचारा. त्याचे आणि आमचे जुळले नाही, तर त्याचे ऐका." त्याने मान डोलावली, पण उत्तर फार लांबले, असे त्याच्या मुद्रेवर दिसत होते.