वाट अडलेल्याचा हक्क

2020 च्या एप्रिलमध्ये आमच्या गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. बाहेरच्या कुणी आत येऊ नये म्हणून. बाहेरचे म्हणजे कोण, तर ऊसतोडीला गेलेल्या आमच्याच गावच्या टोळ्या. मतदार यादीत त्यांची नावे, मसणवट्यात आणि कब्रस्तानात त्यांचे वाडवडील. ज्या बैठकीत हे ठरले तिला मी हजर होतो आणि मी मान हलवली होती.

त्याच दिवसांत मोबाइलवर एक बातमी वाचली. मरेला डिस्कव्हरी नावाचे प्रवासी जहाज मुंबईजवळच्या समुद्रात उभे होते. त्यावर 146 भारतीय कर्मचारी होते, त्यांत गोव्याचे पुष्कळ. आपल्याच देशाचा किनारा समोर, आणि उतरायला परवानगी नाही. वाचून मला वाईट वाटले. मग मनात आले, वेशीवर काट्या टाकताना असे का वाटले नाही?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात समुद्र नाही. भूम, परंडा, कळंबचा माणूस घर सोडतो तो मुकादमाची उचल घेऊन, कोयता घेऊन. कोकणातल्या मुस्लिम घरांची गोष्ट वेगळी. तिथे कुणीतरी 'बोटीवर' असणे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. पण त्या वर्षी बोटीवरचा खलाशी आणि कारखान्याच्या तळावर कोपीत अडकलेला तोडकरी यांची अवस्था एकच झाली. दोघांचेही काम जगाला हवे होते. माणूस मात्र कुठल्याच वेशीला नको होता.

बंदर बंद करणे चूक होते असे मला म्हणवत नाही. साथीत वेस बंद करण्याला आपल्याकडे मोठा आधार आहे. जिथे प्लेग आहे तिथे जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे तो आला तर पळून बाहेर पडू नका, अशी प्रेषितांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. हजरत उमर शामकडे निघाले असताना सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची खबर मिळाली आणि ते माघारी फिरले. अल्लाहच्या मर्जीपासून पळता काय, असे अबू उबैदांनी विचारले. एका मर्जीकडून त्याच्याच दुसऱ्या मर्जीकडे चाललो आहोत, अशा अर्थाचे उत्तर उमर यांनी दिले. अबू उबैदा मात्र आपल्या लोकांत राहिले आणि त्याच साथीत गेले. तेव्हा कुणी फिरला, कुणी राहिला. पण जो राहिला तो स्वतः राहिला. सब्र हा ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याला कोंडून त्याच्या सब्राची तारीफ करणे, याला दुसरे काहीतरी नाव द्यावे लागेल.

जहाजांवर नेमके हेच झाले. फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस हे जहाज रोखले गेले. वर 3711 माणसे. 138 भारतीय, त्यांतले 132 कर्मचारी. प्रवाशांना आपापल्या खोलीत राहण्याचा हुकूम झाला. पण खोलीत राहणाऱ्याला जेवण कोण देणार? ते कर्मचाऱ्यांनी दिले. ते दारोदार ताटे घेऊन फिरत होते, आपल्या लहानशा खोल्यांत दोघे-दोघे झोपत होते, एकाच खानावळीत जेवत होते. सुरुवातीला ज्या 20 कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचे आढळले, त्यांतले 15 जेवणखाण विभागातले होते. एकाला दार लावून बसता यावे म्हणून दुसऱ्याला दारोदार हिंडावे लागते. आमच्या घरातल्या चहातली साखरही त्या दिवसांत अशीच कुणाच्या तरी कोयत्याने आली होती. सगळा देश बंद असताना गाळप चालूच होते.

आणि मग त्या वर्षी जहाजाजहाजांवर उतरण्याची पाळी आली तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रवासी आधी उतरले. त्यांच्यासाठी त्यांच्या सरकारांची विमाने आली. कर्मचारी महिनोन्‌महिने पाण्यावर राहिले. करार संपला की कित्येकांचा पगारही थांबला. आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे खलाशाला सलग बारा महिन्यांहून कमी काळच जहाजावर ठेवता येते. पण 2020 अखेरीस सर्व प्रकारच्या जहाजांवर मिळून सुमारे चार लाख माणसे मुदतीपलीकडे अडकली होती. 1 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला त्यासाठी ठराव करावा लागला. कप्तानाने शेवटी उतरावे हा समुद्रावरचा जुना शिष्टाचार आहे आणि त्यात कप्तानाचा मान आहे. भांडी घासणाऱ्याने शेवटी उतरावे असा शिष्टाचार कुठेही नाही.

जकात कुणाला द्यावी, याचे आठ वर्ग कुरआनात सांगितले आहेत. त्यांत एक इब्नुस सबील, शब्दशः 'वाटेचा मुलगा'. म्हणजे वाटेत अडकलेला मुसाफिर. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की तो आपल्या घरी खाऊन-पिऊन सुखी असला तरी या वर्गात येतो. त्याची गरिबी पाहायची नाही, त्याची अडलेली वाट पाहायची. आणि आपण हे देतो ते मेहरबानी म्हणून नव्हे. तो त्याचा हक्क. जहाजावर बहुतेकांना खायला होते. त्यांना भाकरी नको होती, वाट हवी होती. आपण मात्र त्यांच्यासाठी हळहळलो, आणि हळहळ हा कुणाचाच हक्क नसतो.

वाट काढता येत होती, हे तर लवकरच दिसले. 21 एप्रिलला गृहमंत्रालयाने खलाशांच्या चढ-उतारासाठी नियमावली काढली आणि 23 तारखेला ते 146 जण मुंबईत उतरू लागले. तपासणी, काही दिवस वेगळे राहणे, मग घर. राज्य सरकारने त्याआधी 17 एप्रिलला ऊसतोड मजुरांना परतण्याची मुभा दिली होती. म्हणजे वेस उघडी की बंद एवढाच प्रश्न नव्हता. बंद वेशीबाहेरच्या माणसाला तारीख सांगणे, जागा देणे, त्याची वाट कशी मोकळी होणार ते सांगणे, हे वेस बंद करणाऱ्याच्याच माथी होते.

मी मान हलवली याला आणखी एक कारण होते, ते लपवत नाही. मरकजच्या बातम्यांनी तेव्हा टीव्ही भरलेला होता. बैठकीत मी एकटा मुसलमान. काट्या टाकू नका म्हटले असते तर माझ्याकडे कसे पाहिले गेले असते याची मला भीती वाटली. त्या वेळी अडकलेल्या परदेशी तबलीगींवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्टला रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवले गेले असे म्हटले. तो निकाल वाचून मला हायसे वाटले. पण ज्याच्या स्वतःवर संशयाची नजर होती त्यानेच दुसऱ्यावर वेस बंद केली होती, हे निकालाने पुसले जात नाही.

टोळी आली तेव्हा शाळेच्या दोन खोल्या उघडून दिल्या. चौदा दिवस. रमजान नुकताच सुरू झाला होता. मगरिबच्या आधी मी भाकरीचे टोपले घेऊन फाटकापर्यंत जात असे. टोळीतले एक म्हातारे आजोबा, ज्यांचा नातू माझ्याच वर्गात होता, एकदा लांबूनच म्हणाले,

"गुर्जी, येशीवर काट्या कुणी टाकल्या व्हत्या?"

"गावानं."

"तुमी व्हता का त्यात?"

"होतो," मी म्हणालो. त्यांनी टोपले उचलले आणि आतल्या पोरांना हाक मारली.