भीड आणि विश्वास

घरातील मुलाच्या नोकरीचा प्रश्न निघाला म्हणजे वडीलधारी मंडळी मोठ्या बँकेचे नाव आदराने घेतात. गावातील सहकारी बँकेचे नाव निघाले तर ‘तूर्त ठीक आहे’ एवढेच म्हणतात. लहान संस्थेत जन्म काढणे म्हणजे एका जागी कुजणे, असा हा समज आहे. आम्हांस तो मान्य नाही.

बडोदेकरांनी तरी तो बाळगू नये. येथेच १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण उपाख्य भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा हिंदुस्थानात झाला १९०४ साली. म्हणजे पंधरा वर्षे आधी काही गृहस्थांनी परस्परांच्या ओळखीवरच देणेघेणे आरंभिले. जर्मनीत रायफायझेन यांनीही आपल्या पतपेढीचे क्षेत्र मुद्दाम लहान ठेविले होते. कर्ज घेणारा व देणारा एकमेकांस ओळखत असावेत, हा त्यातील हेतू.

ही ओळख एका दिवसात होत नाही. पापडांचा धंदा करणाऱ्या बाईचा हप्ता पावसाळ्यात का लांबतो आणि पुढे ती दोन हप्ते एकदम का भरते, हे अर्जावरून कळत नाही. दहा पावसाळे त्याच खिडकीशी बसलेल्या कारकुनास ते कळते. तिला थकबाकीदार म्हणून हिणवायचे की हप्त्यांच्या तारखा आधीच सोयीच्या बांधून द्यायच्या, हे त्या ज्ञानावर ठरते. अशा जागी वर्षे वाढतात तसे माणसाचे मोलही वाढते.

पण खरा नैतिक पेच येथेच आहे. ज्या ओळखीमुळे योग्य माणसास कर्ज देता येते, तीच ओळख अयोग्य कर्जाची शिफारस घेऊन दाराशी येते. समजा, शेजारचा दुकानदार मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा असताना दुकानाच्या भांडवलाचा अर्ज करतो. तो प्रामाणिक आहे, त्याची नड खरी आहे. मात्र लग्नात खर्च झालेला पैसा दुकानात विक्री वाढवीत नाही. हप्ता फिटणार कशातून? मग जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज मंजूर होते, आणि वही स्वच्छ दिसत असताना आत पोकळी वाढते. यास आपल्याकडे दया म्हणतात. आम्ही म्हणतो, ही दुसऱ्याच्या पैशाने केलेली दया आहे. तो पैसा कोणा विधवेच्या ठेवीचा, कोणा निवृत्त शिक्षकाच्या फंडाचा असतो. आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो. देवाचे दागिने रोज हाती येतात, पण त्यांतील एक मणीही कोणास उसना देण्याचा अधिकार नसतो, हे तेथे लहानपणीच कळते.

ठेवींना विमा आहे, असे कोणी म्हणेल. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदारास ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, हे खरे. परंतु निर्बंध आले म्हणजे औषधपाण्यालाही स्वतःचे पैसे हवे तेव्हा मिळत नाहीत. अन्योन्यच्या परंपरेतील बँकेवरही २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. वडिलकीचा मान अशा वेळी कामास येत नाही.

म्हणून नकार देणे हेही सेवेचेच अंग होय. तो लवकर द्यावा, समोर बसवून द्यावा, आणि किती रक्कम त्यास झेपेल तेही सांगावे. असे करीत राहिलेल्याचे आयुष्य लहान ठरत नाही. वैकुंठभाई मेहता १९४६ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. त्यापूर्वीची तीन दशके त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती सहकारी बँकेत काढली होती. अशा बँकेतील पगार मोठ्या बँकेइतका नसतो, हे आम्ही लपवीत नाही. प्रपंच करणाऱ्याने त्याचा हिशेब अवश्य करावा.

नागरी सहकारी बँकांनी संचालकांस व त्यांच्या नातलगांस कर्ज देऊ नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये घातला. कारकुनाचा शाळासोबती, शेजारी, आत्याचे व्याही यांची यादी मात्र कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही. त्यांचा अर्ज आला की तो दुसऱ्या टेबलावर सरकवून आपण उठून जायचे, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. आणि नवी नोकरी लागलेल्या मुलाकडे पहिला अर्ज बहुधा त्यांचाच येतो.