लाल मिलो कुठून आली?

नगर, बीड किंवा सोलापूरकडच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या माणसाजवळ बसा आणि नुसते ‘बहात्तर साल’ म्हणा. पुढचे सारे आपोआप येते: आटलेल्या विहिरी, खडी फोडून सोललेले हात, मस्टरवरचा अंगठा, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, हे सांगताना आजही चेहरा आक्रसतो.

अकरावी-बारावीच्या मुलांना विसाव्या शतकाचा उत्तरार्ध शिकवताना मी इथूनच सुरुवात करतो. प्रश्न एवढाच असतो: ही मिलो आली कुठून?

उत्तर शोधायला निघालेली मुले पाहता पाहता गावाची शीव ओलांडतात. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांना सांभाळताना धान्यसाठ्यावर ताण पडला, मग युद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेकडून सवलतीत मिळणारा गहू बंद झाला. 1972 चा पाऊस दगा देऊन गेला आणि नेमके त्याच वर्षी सोव्हिएत संघातही पीक बुडाले. मॉस्कोने अमेरिकेच्या बाजारातून गाजावाजा न करता प्रचंड धान्य उचलले आणि दोन वर्षांत गव्हाचे जागतिक भाव दुपटीच्याही वर गेले. अशा बाजारात भारताला रोख पैसे मोजून खरेदी करावी लागली. त्या खरेदीतच ही मिलो होती. अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांना घालतात. पुढे 1973 मध्ये सोव्हिएत संघाने भारताला 20 लाख टन गहू उसना दिला. शीतयुद्धाची व्याख्या मुलांना पाठ असते. ते युद्ध आपल्या आजीच्या परातीपर्यंत पोहोचले होते, हे कळते तेव्हा वर्ग काही क्षण गप्प होतो.

दुसरा प्रवास उलट दिशेचा आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, हा वि. स. पागे यांनी लावून धरलेला विचार या अनुभवातून पक्का झाला. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने केला आणि 2005 मध्ये देशाने तसाच कायदा केला. खडी फोडणाऱ्या बाईच्या घामातून एक हक्क जन्माला आला. प्रादेशिक इतिहास म्हणजे मोठ्या इतिहासाची शेपटी नव्हे, हे याहून चांगले कसे सांगावे?

आपली पाठ्यपुस्तके मात्र ही दोन टोके वेगळी ठेवतात. नववीच्या पुस्तकात इतिहासाच्या भागात 1961 ते 2000 चा भारत आहे आणि राज्यशास्त्राच्या भागात महायुद्धानंतरचे जग. एकाच मुखपृष्ठाआड राहून त्यांची फारशी गाठ पडत नाही. खरे तर गाठी जागोजागी आहेत. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते मान्य केले 1974 च्या अखेरीस, लिस्बनमधली हुकूमशाही त्या एप्रिलमध्ये कोसळल्यावर. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि रत्नागिरीच्या कित्येक घरांत आखाती देशांतून पैसा येऊ लागला. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा याच घरांतल्या बायका मुंबईच्या विमानतळाकडे डोळे लावून बसल्या.

हे सारे विद्यापीठात शिकतील की, असे कुणी म्हणते तेव्हा मला वाईट वाटते. बारावीनंतर बहुतेक मुले इतिहासाचे पुस्तक पुन्हा उघडत नाहीत. दहावीनंतर विज्ञान किंवा वाणिज्य घेणाऱ्यांचा इतिहास तर तिथेच सुटतो. अठराव्या वर्षी त्यांच्या हाती मत येते, आणि आई-वडिलांच्या तरुणपणी काय घडले याची माहिती येते ती फोनवरून, कुणाच्या तरी रागात भिजून.

गंभीर आक्षेप दुसराच आहे. हा काळ अजून ताजा आहे, जखमा ओल्या आहेत, वर्गात भांडणे लागतील, असे माझेच सहकारी सांगतात. त्यांच्या मनात नामांतर असते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 रोजी झाला, त्यानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. ज्यांची घरे जळली आणि जे तेव्हा गप्प राहिले, त्या दोघांची नातवंडे आज एका बाकावर बसतात. म्हणून विषय टाळावा? मुलांना तो घरून आलेलाच असतो, प्रत्येकाला आपल्या घराची बाजू तेवढी. ठराव, त्या दिवसांची वर्तमानपत्रे आणि भोगलेल्यांचे शब्द एकत्र ठेवून वाचण्याची दुसरी जागा त्यांना पुढे मिळणार नाही. ती वाचताना भीती मलाही वाटते, पण आजवर तो तास बुडवला नाही.

आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हेही याच वयात शिकवावे लागते. अमेरिकेने मिलो फुकट पाठवली, असे एका मुलाच्या आजोबांनी ठासून सांगितले. ते चूक होते. एका मुलीच्या आजीने मात्र सांगितले, “अगं, बहात्तर कसलं, तीन वर्षं पाणी नव्हतं.” पुस्तकात एकच साल होते, म्हणून मुलीला वाटले आजीच चुकली. आम्ही तपासले: 1970 आणि 1971 चे पाऊसही महाराष्ट्राच्या मोठ्या भागात तोकडेच पडले होते. पुस्तकाने शेवटचे वर्ष तेवढे लक्षात ठेवले, आजीने तिन्ही.

तेव्हा विशीत असलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. दरवर्षी मी वर्गात विचारतो, कुणाच्या घरी बहात्तरच्या कामावर गेलेले कोण आहे? वर येणारे हात दरवर्षी कमी होत चालले आहेत. यंदा दिवाळीच्या सुटीत मुलांना दुसरा अभ्यास दिलेला नाही. एक वही घेऊन त्या माणसाजवळ बसायचे, आणि काम कुठे होते, मजुरी किती मिळाली, आपण खणलेला पाझर तलाव आज कुठे आहे, एवढे विचारून यायचे.