शिक्का बसल्यावर

धरणाला, खाणीला किंवा जनावरांच्या छळाला विरोध करणाऱ्यावर दहशतवादाचा शिक्का बसला, की त्याच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते ‘आम्ही तसे नाही’ हेच. ते स्वाभाविक आहे, पण दुबळेही आहे. एकदा ते उच्चारले की वाद धरणाचा राहत नाही, बोलणाऱ्याच्या चारित्र्याचा होतो; शिवाय ‘तसे’ कोणीतरी दुसरे आहेत, हेही त्यात मान्य होऊन बसते. महाराष्ट्राचा शंभर वर्षांचा अनुभव पाहिला तर या उत्तराच्या जागी हळूहळू दुसरे एक उत्तर उभे राहिलेले दिसते : आम्ही काय केले ते उघड आहे, त्याची नोंद आहे, तुमचा आरोप नेमक्या कोणत्या कृतीबद्दल आहे ते सांगा.

या प्रवासाची सुरुवात मुळशीपासून धरावी लागते. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले. त्यांचे नेते सेनापती बापट हे पॅरिसला जाऊन बॉम्बविद्या शिकून आलेले क्रांतिकारक होते. म्हणजे शिक्का मारायला सरकारजवळ कारण तयारच होते. तरीही सत्याग्रह उघड्यावर चालला तोवर त्याला झाकून टाकणे सोपे नव्हते. शेतकरी मार खात होते, तुरुंगात जात होते आणि पुणे-मुंबईची वर्तमानपत्रे ते छापत होती. १९२४ च्या अखेरीस बापटांनी मोजक्या साथीदारांसह शस्त्रे घेऊन प्रकल्पाची रेल्वेगाडी अडवली, गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. बापटांनी केलेले लपवले नाही, पण धरणाखाली जाणाऱ्या जमिनीची चर्चा त्या दिवसापासून गोळीबाराच्या चर्चेखाली गेली. जमीन तर त्याआधीच हातची जात होती; आता तिच्याबद्दलची सहानुभूतीही आटली.

दुसरा धडा आमच्या आर्वी तालुक्याच्या इतिहासात आहे. प्रश्न जंगलाचा नव्हता, स्वराज्याचा होता; पण आरोपाची आणि उत्तराची घडण तीच. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेल्या जमावावर गोळ्या चालल्या, माणसे पडली आणि नंतर चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. १९४३ च्या फेब्रुवारीत सरकारने पुस्तिका काढून देशभरच्या साऱ्या हिंसेचे खापर काँग्रेसवर आणि गांधीजींवर फोडले. आगाखान पॅलेसमधल्या कैदेतून गांधीजींनी त्याला सविस्तर उत्तर दिले. हिंसेचे समर्थन त्यांनी केले नाही; पण एकतर्फी वृत्तांतावरून आपल्या लोकांना दोषी ठरवायलाही ते तयार झाले नाहीत. निःपक्ष न्यायाधिकरणापुढे पुरावा मांडा, ही त्यांची मागणी होती. १९४४ मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड्यावर यायला सांगितले. आरोप करणाऱ्याकडे पुरावा मागायचा, तर आपल्याकडे झाकलेले काही नसावे लागते. ही दोन्ही पावले एकत्रच पडावी लागतात.

हाच विचार पुढे प्राणिहक्कांच्या चळवळीतही वेगळ्या वाटेने पोचला. अमेरिकेत रात्री प्रयोगशाळा फोडणाऱ्या, जाळपोळ करणाऱ्या गटांच्या हातून कोणाचा जीव गेला नव्हता. तरी २००६ मध्ये प्राण्यांवर चालणाऱ्या उद्योगांचे नुकसान करणे हा दहशतवाद ठरवणारा कायदा तिथे झाला. कार्यकर्त्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, ते टिकले नाही. दुसरी वाट मात्र रुजली : चेहरा न झाकता गोठ्यात शिरायचे, आजारी जनावर उचलायचे आणि चित्रीकरण स्वतःच जाहीर करायचे. यूटा राज्यात डुकराची दोन पिल्ले अशी नेणाऱ्या दोघांना २०२२ मध्ये ज्यूरीने निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी त्यांतल्या एकाला कॅलिफोर्नियात दुसऱ्या खटल्यात दोषी ठरवले गेले. म्हणजे उघडेपणा हे कवच नव्हे. पण दोन्ही ठिकाणी ज्यूरीसमोर प्रश्न आला तो त्यांनी केलेल्या कृतीचा.

आपल्याकडे या उत्तराला सर्वांत भक्कम रूप दिले ते ग्रामसभांनी. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. गृहमंत्रालयाच्या २०१६-१७ च्या अहवालाने खाणीला विरोध करणाऱ्या तिथल्या सुरक्षा समितीमागे माओवादी असल्याचे म्हटले, तरी तो नकार पुसला गेला नाही. कारण तो कोणा नेत्याचा नव्हता, सभेच्या वहीतला होता. गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या लोहखनिजावरून चाललेल्या वादात ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा आणि वनहक्क कायद्यांचा आधार घेणारे गावकरी याच वाटेने चालले आहेत.

यावर पहिला आक्षेप सूरजागडमधूनच येतो. तिथे नक्षलवाद्यांनी खाण कंपनीच्या अधिकाऱ्याला मारले आहे, २०१६ च्या डिसेंबरात कित्येक ट्रक जाळले आहेत. मग सरकारने संशय घेऊ नये काय? संशय जरूर घ्यावा, पण ट्रक जाळणाऱ्यावर. ठराव करणाऱ्याला त्याच रांगेत उभे केले, तर जाळणाऱ्याचेच म्हणणे खरे ठरते की सनदशीर मार्गाला अर्थ नाही. मात्र चळवळीनेही हत्येचा आणि जाळपोळीचा निषेध स्वतःहून, कोणी विचारण्याआधी केला पाहिजे. तो टाळला की रेघ सरकार ओढते आणि ती आपल्या सोयीने ओढते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : उघड वागूनही माणसे तुरुंगात सडतात. ग्रामसभांबरोबर काम करणारे महेश राऊत २०१८ च्या जूनमध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात पकडले गेले. उच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला तो २०२३ मध्ये आणि तोही स्थगित राहिला. खटल्याआधीच शिक्षा भोगायला लावण्याची ताकद शिक्क्यात आहे, हे नाकारता येत नाही. पण गुप्ततेने तरी ती वर्षे वाचली असती, असे मानायला आधार नाही. उलट नोंद असली की खोडून काढता येते. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावरून मंत्र्यांना ईमेल पाठवणाऱ्या तरुणांच्या संकेतस्थळाविरुद्ध दिल्ली पोलिसांनी २०२० मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली नोटीस काढली; ईमेलमध्ये काय आहे ते सगळ्यांना दिसत होते, आणि काही दिवसांत ती नोटीस मागे घेतली गेली. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर होण्यापूर्वी त्यातली व्यक्ती व संघटनांबद्दलची मोघम भाषा आवळावी लागली. विधेयक टळले नाही, पण हरकती व्यर्थही गेल्या नाहीत. म्हणून पुढच्या आंदोलनाने घोषणेइतकीच काळजी आपल्या इतिवृत्ताची घ्यावी. ठराव कोणी मांडला, कोणत्या तारखेला, विरोधात किती हात वर झाले, हे लिहून ठेवणाऱ्या गावाला दहशतवादी म्हणायचे असेल, तर म्हणणाऱ्याला आधी ती वही वाचावी लागेल.